गोव्यात पहिली जागा घेताना : आधी सह्या मोजा, मग दर विचारा

मे महिन्यात डिचोली तालुक्यात एक प्लॉट बघायला गेलो होतो. सहाशे चौरस मीटर, डांबरी रस्त्याला लागून, कडेला काजूची पाच-सहा झाडं, आणि दर आजूबाजूच्या जागांपेक्षा बराच कमी. एजंट फोनवर बोलत पुढे गेला, मी मागच्या बाजूला वळलो. तिथे एक कौलारू घर होतं. सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, दोरीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश. घरातून एक आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "जमीन घेवंक आयल्यात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "घेयात. पूण आमचें घर हांगाच आसतलें."

संध्याकाळी त्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, काढला. 'इतर हक्क' या रकान्यात त्या आजींच्या यजमानांचं नाव होतं, मुंडकार म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा. एजंटनं दिलेल्या झेरॉक्सवर तो रकाना कापला गेला होता. मुंडकाराला पंचायत क्षेत्रात घर आणि भोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क १९७५ च्या कायद्यानं दिला आहे. म्हणजे तो सहाशेचा प्लॉट निम्माच होता, आणि त्या निम्म्यालाही रस्ता नीट मिळाला असता की नाही, कोण जाणे. आजींचा हक्क योग्यच आहे. त्यांच्या दोन पिढ्या त्या अंगणात गेल्या. चूक होती ती कागद न वाचता दरावर भाळण्यात.

फोंडा, म्हापसा, मडगावात नोकरी करून चार पैसे बाजूला टाकणारी तरुण मुलं, आणि सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याहून गोव्यात काहीतरी घेऊन ठेवू म्हणणारे नातेवाईक, हे दोघेही मला सारखं एकच विचारतात : कुठे घेऊ, दर काय? माझं उत्तर ठरलेलं आहे. गोव्यात जमीन क्वचितच एका माणसाची असते. तिच्यावर कोणाकोणाचा हक्क आहे आणि त्यातले किती जण सही करणार, हे आधी शोधा. दराचं मग बघू.

आधी पैशाचा खरा हिशेब

समजा साठ लाखांचा टू बीएचके फ्लॅट आहे. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे बारा लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, थोडं फर्निचर. हे बँक धरत नाही, आणि नवीन माणूस इथेच अडकतो. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीन लाख. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटवर जीएसटी नाही, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यानं तसाच फ्लॅट बघावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अठ्ठेचाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सुमारे ४१,६०० रुपये. भाडं धरा अठरा हजार. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जाईल असं धरलं तर हाती १,९८,००० येतात. सोसायटीचे महिना दोन हजार वजा करा, घरपट्टी आणि रंगरंगोटीचे चौदा हजार वजा करा. उरतात एक लाख साठ हजार. साठ लाखांवर हे पावणेतीन टक्क्यांच्याही आत. मुदत ठेव यापेक्षा जास्त देते. तेव्हा भाड्यातून हप्ता फिटेल या आशेवर घेऊ नका. दरमहा अठ्ठावीस-एकोणतीस हजार पदरचे घालायची तयारी असेल, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असतील आणि दहा वर्षं त्या पैशाला हात लावायचा नसेल, तरच पुढे जा. ज्यांच्याकडे दोन-चार लाखच आहेत त्यांनी चुलत्यामामांबरोबर भागीत प्लॉट घेण्यापेक्षा शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचे, म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारतींत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, युनिट घ्यावेत. काही हजारांत सुरुवात होते, आणि घरात भांडण लागत नाही.

कुठे, हे पावसात ठरवा

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनीकडे सगळ्यांची नजर गेली. जुवारीच्या नव्या पुलानंतर सासष्टी आणि मुरगावकडेही तसंच झालं. रस्ता, पूल, विमानतळ यांनी भाव चढतो हे खरं, पण तुम्ही ऐकाल तोवर तो भाव मालकाच्या तोंडी आलेला असतो. मी नवख्याला सांगतो की जिथे वर्षभर भाडेकरू मिळतो तिथे बघा. फोंडा, पर्वरी, मडगावचा फातोर्डा भाग, वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या आसपास. तिथे माणसं नोकरीसाठी राहतात, शाळेसाठी राहतात, मार्चमध्ये निघून जात नाहीत.

जागा एकदा जुलैत बघा आणि एकदा मे महिन्यात. जुलैत कळतं की पाणी कुठे साचतं. मे महिन्यात कळतं की नळाला पाणी येतं का. बारदेशातल्या कितीतरी वसाहतींत उन्हाळ्यात टँकरच फिरतात. गेटवरच्या वॉचमनला आणि समोरच्या दुकानदाराला विचारा. त्यांना काही विकायचं नसतं.

एक सवय लावून घ्या. गोव्यात जमीन आणि पुष्कळदा फ्लॅटही चौरस मीटरमध्ये बोलतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. पुण्या-मुंबईच्या माणसाची इथे पहिल्या दिवशी गडबड होते.

उतारा वाचायला शिका

गावातल्या जमिनीसाठी फॉर्म एक आणि चौदा, शहरी सर्व्हेसाठी फॉर्म डी. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग माहीत असेल तर दोन्ही ऑनलाइन बघता येतात, नकाशासुद्धा. एजंटच्या झेरॉक्सवर कधीही विसंबू नका, स्वतः काढा.

उताऱ्यावर वरती जमिनीचं नाव असतं. हो, गोव्यात जमिनीला नाव असतं, अमक्याचं भाट, तमकी मोरड. मग भोगवटादारांची नावं, कुळाचा रकाना, इतर हक्क, पिकाखालचं क्षेत्र. कुळाच्या रकान्यात नाव दिसलं तर तिथेच थांबा. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकी दिली, आणि अशा रीतीनं कुळाकडे आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरायला १९९१ च्या जमीन वापर कायद्यानं बंदी आहे. "कुळाचं नाव काढून देतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून घरी या.

भातशेतीचंही तसंच. २०२३ च्या कायद्यानं शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. स्वस्त मिळते, हिरवीगार दिसते, पण ती शेतकऱ्याचीच राहावी म्हणून हा कायदा आहे, आणि मला तो मनापासून पटतो.

भोगवटादाराच्या रकान्यात कोमुनिदादचं नाव असेल तर ती गावकारांची सामायिक जमीन. तिथला प्लॉट बहुधा आफोरामेंतवर, म्हणजे कायम भाडेपट्ट्यानं दिलेला असतो. मूळ करार आणि परवानग्या वकिलानं वाचल्याशिवाय हात लावू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. एक-चौदा हा मालकीचा पुरावा नव्हे. तो महसुली नोंद दाखवतो. मालकी सिद्ध होते दस्तांवरून, आणि गोव्यात ते दस्त पोर्तुगीज काळापर्यंत मागे जातात. जुन्या भूनोंदणीतला डिस्क्रिप्शन नंबर (जमिनीच्या वर्णनाचा), इन्स्क्रिप्शन (हक्कदाराची नोंद), महसुलाचा मात्रिज नंबर, जुनं एस्क्रितूर, म्हणजे नोटरीपुढे झालेला दस्त. यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. खरा सापळा भाषेचा नसतो, ओळखीचा असतो. जुन्या दस्तात जमीन नावानं आणि चार सीमांनी सांगितलेली असते : पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला ओहोळ. सर्व्हे नंबर मुक्तीनंतर आले. जुन्या दस्तातली जमीन आणि आजचा सर्व्हे नंबर एकच आहे हे वकिलानं सीमा जुळवून लेखी द्यायला हवं. फसवणूक या फटीतूनच होते. बनावट जुने दस्त करून परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या माणसांच्या जमिनी हडपल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसला.

म्हणून वकील तुमचा हवा. विकणाऱ्यानं किंवा बिल्डरनं सुचवलेला नको. निदान तीस वर्षांचा शोध, उपनिबंधकाकडून भाररहित, म्हणजे जमिनीवर बोजा नसल्याचा, दाखला, आणि एका मराठी व एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस. नोटिशीला चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील. गावातला हक्कदार ती वाचतो आणि फोन करतो.

सह्या

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. बारा वर्षांपूर्वी बारदेशात एका जुन्या घराची जागा ठरवली. तीन भाऊ मालक. दोघांनी कच्च्या करारावर सह्या केल्या, तिसरा इंग्लंडमध्ये, "तो काय, हो म्हणालाय." मी एक लाख रुपये इसार दिला. तिसरा भाऊ खरंच हो म्हणाला होता. त्याची बायको नाही म्हणाली. आणि तिच्या सहीशिवाय विक्री होत नव्हती. माझे पैसे दोन वर्षांनी परत आले, दहा-दहा हजारांनी, दर वेळी मी फोन केल्यावर.

यामागचं कारण प्रत्येक खरेदीदारानं समजून घ्यायला हवं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली पद्धत चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, निम्मी-निम्मी. वारशानं आलेलीसुद्धा. म्हणून विकणाऱ्या भावाबरोबर त्याची बायको लागते आणि विकणाऱ्या बहिणीबरोबर तिचा नवरा. मुलींना मुलांइतकाच वाटा, लग्न होऊन कुठेही गेल्या तरी. आईवडील वारले असतील तर वारस कोण हे विशेष नोटरीपुढच्या वारसा दस्तानं ठरतं. वारसांत जमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचं प्रकरण, चालते. २०१२ चा गोवा वारसा कायदा याची सगळी रीत घालून देतो, आणि तो २०१६ च्या अखेरीस लागू झाला.

तेव्हा हे करा. एक कोरा कागद घ्या आणि उताऱ्यावरच्या नावांपासून खाली वंशावळ काढा. प्रत्येक नावापुढे जिवंत की मयत, लग्न झालं का, जोडीदार कोण, राहतो कुठे. मयत असेल तर त्याची मुलं आणि त्यांचे जोडीदार. पाच भोगवटादार दिसणाऱ्या उताऱ्यातून सतरा-अठरा सह्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. विकणाऱ्याबरोबर बसून हा कागद भरा. ज्याला खरंच विकायचं आहे तो दोन तास बसतो, आत्याचं लग्न कुठल्या साली झालं तेही आठवून सांगतो. टाळाटाळ करणारा इथेच कळतो.

परदेशातला हक्कदार मुखत्यारपत्र देईल. ते तिथल्या भारतीय दूतावासात प्रमाणित झालेलं किंवा अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का, होऊन आलेलं हवं, इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला हवा, आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत हवा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे. आणि शक्य असेल तर त्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोला. मी आता तसं केल्याशिवाय एक रुपया देत नाही.

एखाद्या जमिनीतला 'अविभक्त हिस्सा' स्वस्तात विकायला निघतो. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. हिस्सा नक्की कुठला, रस्ता कुणाचा, यावर तुम्ही उरलेल्या वारसांशी आयुष्यभर भांडत बसाल.

झोन, सनद, डोंगर

नगर नियोजन खात्याकडून त्या सर्व्हे नंबरचा झोनिंग दाखला घ्या. बहुतेक गोव्याला प्रादेशिक आराखडा २०२१ लागू आहे, शहरांभोवतीच्या काही भागांना बाह्यविकास आराखडा. वसाहत क्षेत्र म्हणजे सेटलमेंट लिहिलेलं असेल तरच घरासाठीचा प्लॉट म्हणून किंमत द्या. "बागायत आहे, पण झोन बदलणारच आहे" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या १७(२) कलमाखाली असे कितीतरी बदल झाले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याचे नियमच रद्द केले. ज्यांनी बदलाच्या भरवशावर सेटलमेंटचा दर मोजला त्यांचे पैसे अडकले. बागायतीत फार्महाऊस बांधायचं तर निदान ४,००० चौरस मीटर लागतात, तेव्हा पाचशेच्या तुकड्यावर फार्महाऊसची स्वप्नं विकणाऱ्यापासून दूर राहा.

सेटलमेंट असलं तरी बिगरशेतीची सनद वेगळी लागते, ती जिल्हाधिकारी देतात. पोटविभाग केलेला प्लॉट असेल तर नोंदणीसाठी ४९(६) कलमाखालचा ना हरकत दाखला लागतो. उतार २५ टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे बांधकाम नाही. डोंगरकापणी किंवा खालच्या शेतात भराव परवानगीशिवाय करता येत नाही. समुद्राच्या भरतीरेषेपासूनच्या २०० मीटरच्या पट्ट्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या नद्या खूप आतपर्यंत भरती-ओहोटीच्या आहेत हे विसरलं जातं. हळदोणे, चोडण, दिवाडीच्या नदीकाठच्या जागांनाही किनारी नियमन लागतं, खाजनांना, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनींना, तर लागतंच. सांगे, केपे, सत्तरीत जमीन घेताना तो सर्व्हे नंबर खासगी वनांच्या यादीत आहे का तेही वकिलाला बघायला सांगा.

फ्लॅट घेत असाल तर

नवख्यासाठी मला फ्लॅटच बरा वाटतो, कारण इथे कागद मोजके असतात. गोवा रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि मंजूर नकाशा, पूर्ण करण्याची तारीख, जमिनीचे कागद स्वतः वाचा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅटचे प्रकल्प रेराबाहेर राहू शकतात. गोव्यात अशी छोटी बांधकामं पुष्कळ असतात, तिथे जमिनीची तपासणी प्लॉट घेतल्यासारखीच पूर्ण करा. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. दर कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आत खरोखर वापरता येणाऱ्या जागेवर, काढा. रचनेतल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते.

जुना फ्लॅट असेल तर भोगवटा दाखला, सोसायटी झाली आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारा. वीस-वीस वर्षं सोसायटीच न झालेल्या इमारती आपल्याकडे आहेत. जुन्या भाडेकरूसकट घर स्वस्त मिळत असेल तर १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आठवा. तो भाडेकरू सहजासहजी जात नाही.

इसारापासून रजिस्ट्रीपर्यंत

इसार चेकनं किंवा बँकेतून. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख व्यवहार कायद्यानं करता येत नाही. 'थोडं काळं थोडं पांढरं' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पुढे तुम्ही विकाल तेव्हा कागदावरची कमी किंमत तुमचाच नफा फुगवून दाखवते आणि कर तुम्हीच भरता. पावतीत एक वाक्य असू द्या : मालकीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत.

किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं तुमचं काम आहे. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते आणि पन्नास लाखांची मर्यादाही नसते. पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन बाहेर गेलेली माणसं इथे घरोघरी आहेत. तेव्हा प्रत्येक विक्रेत्याला निवासी की अनिवासी हे लेखी विचारा आणि सीएला आधी दाखवा. ही कपात विसरली तर नोटीस तुम्हाला येते.

मुद्रांक शुल्क किमतीच्या टप्प्यांनुसार आहे, उपनिबंधक कार्यालयात आकडा आधी काढून घ्या. दस्ताच्या मसुद्यातला सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चारही सीमा उताऱ्याशी आणि नकाशाशी बोट ठेवून ताडा. आणि तुमचं लग्न गोव्याच्या कायद्याखाली झालं असेल तर तुमच्या जोडीदाराचाही त्यात निम्मा वाटा आहे. तिला किंवा त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

चावी हातात आल्यावर

पुष्कळ जण इथे दमतात आणि फाइल कपाटात ठेवतात. तसं करू नका. जमीन असेल तर म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा, अर्ज लगेच करा. हक्कदारांना नोटिसा जातात, हरकत घ्यायला मुदत असते, मग उताऱ्यावर तुमचं नाव चढतं. घरपट्टी, वीज, पाणी नावावर करा. प्लॉटला कुंपण घाला, वर्षातून दोनदा रान काढा, आणि शेजाऱ्याला आपला फोन नंबर देऊन ठेवा.

भाड्याला देताना नोंदणीकृत करार करा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. पर्यटकांना दिवसाच्या हिशेबानं द्यायचं असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते. त्याआधी सोसायटीचे नियम वाचा, आणि डिसेंबरच्या दरानं बारा महिन्यांचा हिशेब मांडू नका. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, म्हणून खरेदीची, मुद्रांकाची, मोठ्या दुरुस्तीची प्रत्येक पावती जपा.

डिचोलीच्या त्या आजींच्या घरावरून मी मागच्या पावसात गेलो होतो. प्लॉटवर अजून पाटी आहे, विक्रीसाठी, वर नवा फोन नंबर. तुळशीजवळ आजी बसल्या होत्या. मुंडकारीच्या नोंदीवरून घर आता नावावर करून घेतलंय म्हणाल्या, आणि आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मामलेदाराचा आदेश आणून मला वाचायला दिला.